नाव आधी, पत्ता मागाहून

किहीमच्या किनाऱ्याकडे जाताना घरगुती निवासांच्या पाट्या वाचत गेले, की एक गोष्ट ध्यानात येते. आधी नाव ठेवावे आणि मग त्याला इंटरनेटवरचा पत्ता शोधावा, हा साधा क्रम आता उलटला आहे. आधी मोकळे डोमेन शोधले जाते आणि जे हाती लागेल ते व्यवसायाचे नाव होऊन बसते. ब्रँडचे सल्लागार याला व्यवहारज्ञान म्हणतात. आम्हांला तो निव्वळ आळस वाटतो.

समजा, सुरूच्या झाडांलगत कोणी निवास काढला आणि त्याचे नाव 'सुरूबन' ठेवायचे ठरवले. सल्लागार सांगेल, की रोमन अक्षरांत या नावाच्या शेवटी बंदी या अर्थाचा इंग्रजी शब्द दिसतो. शिवाय 'सुरू'तले दोन उकार पाहुण्याला फोनवर कसे सांगणार? मग 'ब्लू', 'पाम', 'व्हिला' अशा शब्दांची उलटापालट करून एखादे नाव निघते. ते गोव्यात चालते, केरळात चालते, थायलंडातही चालते. जे नाव सगळीकडे चालते, ते कुठल्याच गावचे नसते. पाहुणा घरी परतल्यावर मित्राला सांगू लागतो, तेव्हा ते नाव त्याला आठवत नाही. 'किहीमला, सुरूच्या बनाशेजारी' एवढेच आठवते. म्हणजे जे नाव टाकून दिले, तेच ब्रँडचे काम करत होते!

पत्त्याला महत्त्व नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ' या कंपनीचा दावा आला. प्रतिवादींनी 'रॅडिफ' असे डोमेन घेतले होते. फरक एका स्वराचा. 'रॅडिकल'मधली पहिली तीन अक्षरे आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' यांची आद्याक्षरे जुळवून आपण हा शब्द घडवला, अशी व्युत्पत्ती त्यांनी सांगितली. (इतकी ओढूनताणून आणलेली व्युत्पत्ती उत्तरपत्रिकांतही विरळा.) न्यायालयाने ती मानली नाही. डोमेन हे इंटरनेटवरच्या पत्त्याहून अधिक काही असते आणि त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळायला हवे, असा निर्वाळा दिला. पुढे २००४ साली 'सत्यम इन्फोवे'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली.

सल्लागार असे निकाल आपल्या बाजूने वापरतील. पण त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. रेडिफला संरक्षण मिळाले, ते केवळ पत्ता आधी नोंदवला म्हणून नव्हे. वापराने त्या नावाला लोकांत ओळख आली होती म्हणून. ओळख नावाला येते, पत्ता तिचा लाभ घेतो.

दुसरा मुद्दा लिपीचा. अलिबागचे रोमन लेखन दोन प्रकारे होते: एकात शेवटच्या 'जी'आधी 'यू' असतो, दुसऱ्यात नसतो. उच्चार एक, पत्ते दोन. एक आपण वापरायचा आणि दुसरा कोणी पळवू नये म्हणून त्याचेही शुल्क भरत राहायचे. यावर कोणी विचारील, 'तुमच्या देवनागरीत तरी किहिम की किहीम?' त्याचे उत्तर आपल्या लेखननियमांतच आहे: अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ. रोमन लेखनापाशी मराठी नावांसाठी असा सर्वमान्य नियम कुठे आहे?

२०१४ च्या ऑगस्टपासून '.भारत' या शेपटासह देवनागरी डोमेन घेता येते. यातली अडचण खरी आहे. अनेक अर्ज आणि ई-मेलच्या व्यवस्था असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत. कधीकधी नावाऐवजी 'एक्स-एन'पासून सुरू होणारी अनाकलनीय अक्षरांची रांग दिसते. म्हणून रोमन पत्ता टाकावा, असा आमचा हट्ट नाही. तो जरूर घ्यावा. पण त्याच्यासाठी मूळ नाव छाटू नये.

१९३० च्या सुमारास सलीम अली यांनी याच किहीममध्ये सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे बारकाईने निरीक्षण केले. पक्षिशास्त्रात किहीमचे नाव गेले, ते त्या चिकाटीच्या कामामुळे. नाव बदलून अधिक 'सोपे' करावे, असे तेव्हा कोणाला वाटले नाही.

शेवटी थोडे स्वतःविषयी. आपण मराठीचे अध्यापक स्थलनामांवर परिसंवाद घेतो, निबंध वाचतो. पण एखादा माजी विद्यार्थी आपल्या धंद्याला नाव सुचवा म्हणून आला, की 'त्यातले आम्हांला काय कळते' असे म्हणून हात झटकतो. तो मग सल्लागाराकडे जातो आणि आपण पाट्यांवरच्या इंग्रजीला नावे ठेवत बसतो. पुढच्या वेळी तो आला, तर त्याला बसवून घ्यावे आणि आधी एवढेच विचारावे: गावातली माणसे तुझ्या जागेला काय म्हणतात? ते पाटीवर लिहावे. त्याचा पत्ता कसा लिहायचा, ते मग पाहता येईल.