सोंगटीवरची खाच

पावसाळ्यात रविवारी मैदान चिखलाने भरले, की आमच्या वसतिगृहात लुडोचे पट बाहेर निघतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी सहावीतील एका मुलाविषयी तक्रार आली. तांबडा रंग घेऊन बसतो आणि दुसऱ्याची हिरवी सोंगटी चालवतो, असे मुलांचे म्हणणे होते. 'रडी खेळतो' म्हणून त्यांनी त्याला पटावरून उठवले होते. गृहपालाची जबाबदारी त्या वर्षी आमच्याकडे होती. आम्हीही फारशी चौकशी न करता त्यालाच दटावले आणि महिनाभर खेळायला बसायचे नाही, अशी शिक्षा दिली. पुढे शाळेत नेत्रतपासणी झाली, तेव्हा कळले की त्या मुलाला तांबडा आणि हिरवा यांतील भेद दिसतच नाही. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा इतिहासाचे एम. ए. असलेले आम्ही खाली मान घालून ऐकत होतो. त्या मुलाची आम्ही क्षमा मागितली. परंतु त्याआधीच त्याच्या एका सोबत्याने, कोणी न सांगता, तांबड्या सोंगट्यांच्या डोक्यावर ब्लेडने एकेक खाच पाडून ठेवली होती. बोट फिरवले की आपली सोंगटी ओळखू येई. खेळ पुन्हा सुरू झाला.

पटावरच्या सोंगटीला अशी खाच पाडता येते. मोबाइलच्या पडद्यावरील सोंगटीला ती पाडता येत नाही. खेळ तयार करणाऱ्याने तशी सोय ठेवली असेल तरच रंग बदलतो, अक्षर मोठे होते, वेग कमी होतो. म्हणूनच व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याला बदलाची किती मुभा असावी, हा प्रश्न आम्हांला केवळ पोरखेळाचा वाटत नाही.

आजवर खेळ हा खेळणाऱ्यांच्याच हातात होता. गल्ली अरुंद असेल तर 'एक टप्पा आउट' ठरते, आणि चेंडू शेजाऱ्याच्या अंगणात गेला तर फलंदाज बाद होतो. लहान भावंड मागे लागले तर त्याला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात. ते बाद होत नाही, पण खेळात असते. दीघनिकायातील पहिल्या सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, श्रमण गोतम ज्या खेळांपासून दूर राहतात त्यांची मोठी यादी आहे. तिच्यात आठ व दहा घरांच्या रांगांचे पट आहेत, विटीदांडूसारखा 'घटिक' आहे, आणि 'आकास' नावाचाही एक खेळ आहे: पट न मांडता, तो मनात कल्पून खेळायचा. भिक्खूंनी खेळू नये म्हणून केलेली ही यादी आम्हां इतिहासवाल्यांना मात्र त्या काळी लोक काय खेळत होते ते सांगते. पट नसला तरी खेळ अडत नसे.

संगणकावरील खेळात नियम प्रोग्रॅममध्ये बंदिस्त असतात. मग सगळेच खेळणाऱ्याच्या हाती द्यावे काय? एका पालकसभेत हा विषय निघाला, तेव्हा दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेत काम करणारे एक पालक म्हणाले, "गुरुजी, ड्रायव्हरची सीट मागेपुढे होते, आरसा वळवता येतो. ब्रेक मात्र कंपनीने लावला तिथेच असतो." आमचे मत याहून फारसे निराळे नाही. बटणांची जागा, रंग, अक्षरांचा आकार, ऐकू न येणाऱ्यासाठी संवादाच्या ओळी, भाषा या गोष्टी म्हणजे सीट आणि आरसा. त्या प्रत्येक खेळात, पहिल्याच पानावर, मोकळ्या असाव्यात. कथा काय सांगायची, कोडे कसे रचायचे, हा निर्मात्याचा अधिकार आहे.

खरा वाद काठिण्याविषयी आहे. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या 'डार्क सोल्स' (२०११) या खेळात सोपी पातळी निवडण्याची सोयच नाही. सर्वांनी एकाच अडचणीतून जावे, ही त्यामागची भूमिका आम्ही समजू शकतो. सोपा पेपर मागणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही कधी होकार दिलेला नाही. परंतु दिव्यांग परीक्षार्थीला लेखनिक आणि वाढीव वेळ मिळतो, तेव्हा प्रश्नपत्रिका सोपी होत नाही. कॅनडात तयार झालेल्या 'सेलेस्ट' (२०१८) या अतिशय अवघड खेळात वेग कमी करण्याची सोय आहे. ती ज्याला हवी त्याने घ्यावी. न घेणाऱ्याचा डोंगर त्यामुळे ठेंगणा झाला नाही. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात (२०२०) अशा साठांहून अधिक सोयी आहेत. दहाजण समोरासमोर खेळत असतील तर मात्र एकट्याला वेग बदलू देता येणार नाही. तेथे रंग आणि अक्षर बदलावे, घड्याळ नव्हे.

आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक बोचते. १९९२ सालच्या 'वुल्फेनस्टाइन' या खेळात सर्वांत सोपी पातळी निवडली की नायकाच्या डोक्यावर बाळाचे टोपडे आणि तोंडात चोखणी दिसे. सोय द्यायची आणि घेणाऱ्याची टरही उडवायची! वर सांगितलेल्या सुत्तातील यादीत 'यथावज्ज' हाही एक खेळ आहे. काणा, थोटा, कुबडा यांची नक्कल करून हसण्याचा. अडीच हजार वर्षांत हा खेळ काही बंद पडलेला नाही. आमच्या शिक्षेतही त्याचा अंश होताच.

पैशांचेही एक आहे. नायकाचा पोशाख बदलायला पैसे घ्यावेत, ती हौस आहे. पण जिंकण्याचे बळच विकायला ठेवले, तर ज्याच्या घरी महिनाअखेरीस रिचार्जचीही ओढाताण असते त्या मुलाने काय करावे? याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणणे आम्हांला मान्य नाही.

हे खेळ आता दूरदेशीच तयार होतात असेही नाही. युबिसॉफ्टचे काम पुण्यात २००८ पासून चालते. पुण्यातच घडलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगापुढे आला आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी आवाज मिळाला. आपले अनेक माजी विद्यार्थी हिंजवडीला संगणकाच्याच कामात आहेत. शाळेच्या संगणककक्षात सुटीच्या दिवशी काही खेळ ठेवावेत, असा विचार सध्या चालू आहे. त्यांनी एखाद्या रविवारी येऊन निवडीला मदत करावी. खेळ सुरू करण्याआधी सेटिंगचे पान उघडावे आणि रंग बदलतो का, एका हाताने खेळता येते का, मराठी माध्यमातील सहावीच्या मुलाला सूचना वाचता येतात का, एवढे तपासून द्यावे. खाच पाडलेला तो लुडोचा पट अजून वसतिगृहाच्या कपाटात आहे. तोही त्यांना दाखवू.