माकडताप आणि मजुराचा प्रवास

काजूच्या हंगामात कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातून मजूर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कामास जातात. २०१६ साली त्यांपैकी काही जण गावी परतले ते मजुरीबरोबर ताप घेऊन. तो माकडताप होता. त्याच वर्षी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही या रोगाने शिरकाव केला.

हा रोग नवा नव्हे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरून पडू लागली, माणसेही आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधून काढला. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसात येतो. माणसाकडून माणसाला होत नाही. एकाएकी भडकणारा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, आणि काहींना रक्तस्राव ही त्याची लक्षणे. रक्तातील प्लेटलेट्स घटतात. परंतु डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस यांतही तेच घडते. अर्थात, केवळ लक्षणांवरून निदान होणे अशक्य.

चाव्यानंतर ताप येण्यास साधारणतः तीन ते आठ दिवस लागतात. घरी परतण्यास तेवढे पुरतात. रोग एका राज्यात जडतो आणि रुग्ण दुसऱ्या राज्यात दवाखान्याची पायरी चढतो; तेथील डॉक्टरांना त्या जंगलाची कल्पनाही नसते. पहिल्या आठवड्यात पीसीआर चाचणीत विषाणू सापडण्याची शक्यता अधिक; पुढे प्रतिपिंडांच्या तपासणीवर विसंबावे लागते. रोज बुडू नये म्हणून मजूर ताप अंगावर काढतो आणि हा मोलाचा आठवडा निघून जातो.

यावर कोणी म्हणेल, की या रोगावर खास औषधच नाही, मग निदानाचा अट्टहास कशासाठी? हा आक्षेप वरवरचा आहे. शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावणाऱ्या या रोगात वेळेवर मिळालेली शुश्रूषा हाच आधार असतो. शिवाय निदान एकाचे झाले, तरी त्याच बागेत राबणारे इतर सावध होतात. असा सार्वजनिक लाभ बाजारात विकत मिळत नाही; त्याचा भार शासनानेच उचलावा लागतो.

तेव्हा तापाच्या प्रत्येक केसपेपरवर ‘गेल्या पंधरा दिवसांत कोठे कामास गेला होतात?’ हा प्रश्न असावा. उत्तर शेजारच्या राज्यास तत्काळ कळावे. आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी मजुरास मिळावी. यांतील पहिल्या गोष्टीस तर कोणत्याही तरतुदीची गरज नाही.