तत्त्वाला तिजोरीही लागते

बँक फक्त तोट्यानेच बुडते असे नाही. ठेवीदार दारात आले आणि रोकड नसली, तरी बुडते. साधी बँक अशा वेळी रातोरात व्याजाने उसने घेते. इस्लामी बँकेला व्याज निषिद्ध. मग मलेशियाने काय केले? १९८३ मध्ये पहिल्या इस्लामी बँकेबरोबरच बिनव्याजी सरकारी रोख्यांसाठी कायदा केला. १९९४ मध्ये अशा बँकांना आपसात पैसा फिरवायला वेगळा नाणेबाजार उभारला. तत्त्व सोडले नाही, यंत्रणा घडवली.

१९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही वारसदार. पण पतसंस्था काढताना आम्ही सभासद मोजतो. अडचणीच्या दिवशी रोकड कुठून येणार, हे ठरवतो का? घोषणांनी गरिबाची ठेव परत मिळत नाही. आधी राखीव निधी, मग उद्घाटन!

जय भीम!