'आदी'मधली शारदा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगतो, यातली पहिली चूक माझी आहे.

मागच्या ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, आमच्या गावात हौशी मंडळींनी 'संगीत शारदा'चा प्रयोग केला. बातमी मीच लिहिली. नटराजपूजन कुणी केलं, दीपप्रज्वलन कुणी केलं, व्यासपीठावर कोण आजी, कोण माजी, अशी अकरा नावं आली. एक नाव राहिलं असतं तर सकाळी सातला फोन आला असता, म्हणून सगळी आली. मग कॉलम संपला. शेवटची ओळ होती, "प्रयोग यशस्वी होण्यासाठी कलाकार आदींनी परिश्रम घेतले."

तीन दिवसांनी तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकान तिच्या वडिलांचं. दुपारी ती बसते. कागद मोजून हातात देताना म्हणाली, "काका, बातमी वाचली. मी 'आदी'मध्ये होते की."

हसूनच म्हणाली. अडीच तास शारदा उभी केलेली पोरगी. मी चौदा रुपये दिले आणि निघालो. पत्रकारितेच्या डिप्लोमाला बातमीत 'कोण' पाहिजे म्हणून शिकवलं होतं, ते त्या दिवशी आठवलं.

मग पुढच्या आठवड्यात मुद्दाम गेलो आणि तासभर बसलो. नाव टाकू नका म्हणाली, लोक दुकानात येऊन बोलत बसतात, बाबांचं काम खोळंबतं. तेव्हा आताही नाव नाही. पण या वेळी कारण तिचं आहे, माझं नाही.

वय एकवीस. बी.ए.चं शेवटचं वर्ष. गाण्याच्या परीक्षा मध्यमापर्यंत झाल्यात. बालगंधर्वांबद्दल तिला आदर आहेच, आपल्या जिल्ह्यात कुणाला नाही? पण तिचं म्हणणं ऐका. "ते मोठेच हो, पण ते पुरुष होते. शारदेला पहिल्यांदा रंगमंचावर आणलं तेही पुरुषांनीच. मला बघायचं होतं, बाईनं ही बाई कशी केली." म्हणून ती यूट्यूबवर जयमाला शिलेदार आणि कीर्ती शिलेदार यांची जुनी रेकॉर्डिंग शोधत बसते. कीर्तीताई २०२२ च्या जानेवारीत गेल्या, तेव्हा ही बारावीच्या आसपास असेल. प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. 'स्वरसम्राज्ञी'तले तुकडे मात्र इतक्या वेळा पाहिलेत की श्वास कुठं घेतलाय ते सांगते.

आणि शारदाच का? याचं उत्तर ऐकून मी जरा गप्प झालो. म्हणाली, दहावीत तिच्या बाकावर बसणारी मैत्रीण दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. लग्न लावलं होतं. नवरा म्हातारा नव्हता, एवढाच देवलांच्या नाटकाशी फरक. "आईसमोर शारदा गयावया करते ना, तिथं मला अभिनय करावा लागत नाही काका. ती मैत्रीण डोळ्यांसमोर येते."

गोविंद बल्लाळ देवल इथल्याच हरिपूरचे. 'शारदा' १८९९ सालची. कांचनभट पैशासाठी पोरीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो, ती गोष्ट. (दर वर्षी भाषणात कुणीतरी ठोकून देतो की १९२९ च्या बालविवाहाच्या कायद्याला शारदा नाव या नाटकावरून पडलं. नाही हो. तो सारडा कायदा, हरबिलास सारडा यांच्या नावावरून.) कायदा होऊन शंभर वर्षं होत आली आणि बाक अजून रिकामे होतात. हे नाटक जुनं झालं म्हणणाऱ्यांनी एकदा कुठल्याही शाळेत जाऊन दहावीचं हजेरीपत्रक बघावं.

आता तिचं एक मत सांगतो. जुन्या रसिकांनी रागावू नये. तिला वन्स मोअर नको आहे. त्या प्रयोगात मैत्रिणींच्या प्रवेशातलं पद संपलं आणि पुढच्या रांगेतून आवाज आला. ऑर्गनवाल्यांनी पुन्हा सूर धरला. हिनं मान हलवून नाही म्हटलं आणि पुढचं वाक्य घेतलं. मध्यंतरात एक ज्येष्ठ आत जाऊन बोललेच, एवढा गळा आहे, ताना कशाला आवरतेस? ती म्हणाली, "आजोबा, शारदा वल्लरीशी बोलतेय. मैफल नाही करत."

खरं सांगू? मला दोन्ही बाजू पटतात. माझे वडील पदांसाठीच नाटकाला जायचे. गोष्ट त्यांना पाठ होती, ते तानेची वाट बघत बसायचे. ते सुख खोटं नव्हतं. पण त्या रात्री पद न थांबता संवादात गेलं तेव्हा मागच्या बाकांवरची कॉलेजची पोरं, जी मोबाईल काढून बसली होती, ती वर बघायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि बातमीत लिहिलं नाही.

तिला पुढं काय करायचंय? देवलांच्याच 'मृच्छकटिक'मधली वसंतसेना. शूद्रकाचं मूळ संस्कृत नाटक ती मराठी भाषांतरातून वाचतेय. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरायचंय. आणि सगळे तिला विचारतात काय, तर "सिरियलमध्ये कधी?" कोल्हापूरला एका मालिकेच्या लग्नाच्या सीनमध्ये एक दिवस उभी होती. "दिवसभर नवरीच्या मागं अक्षता धरून. तिथंही आदीच." गावाला वाटतं नाटक म्हणजे टीव्हीच्या दारातली पायरी. कुस्ती खेळणाऱ्या पोराला आपण विचारतो का, की सिनेमात फायटर कधी होणार?

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, हे आपण छाती काढून सांगतो. त्यांच्या पाठीशी राजा होता, चिंतामणराव पटवर्धन. आज या पोरीच्या पाठीशी कोण आहे? तालमीला जागा नाही. नाट्यगृह आठवड्यातले चार दिवस कुलूपबंद, पण तालमीला मागितलं तर दर लग्नाच्या रिसेप्शनचा. तालमी एका शाळेच्या वर्गात होतात, शाळा सुटल्यावर, बाकं एका बाजूला सरकवून. गावात एक ऑर्गन होता, एका जुन्या गवयांच्या घरी. २०१९ च्या पुरात तीन दिवस पाण्यात राहिला. स्वरपट्ट्या गेल्या, भाता कुजला. प्रयोगापुरता बाहेरून भाड्यानं आणला, वादकासकट, टेम्पोनं. तालमी सगळ्या मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर. पायानं भाता मारणारा माणूस शेजारी असला की गाणारी थांबली तर तो थांबतो, मोबाईल थांबत नाही. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या जागा नव्यानं बसवाव्या लागल्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. यंदाच्या ५ नोव्हेंबरला मोठा मांडव, शाली, नारळ, स्मृतिचिन्हं यांत जे पैसे जाणार आहेत, त्यातून एक ऑर्गन दुरुस्त होतो का ते बघा. नाट्यगृह रिकामं असेल त्या दुपारी दोन तास, नाममात्र दरात, तालमीसाठी द्या. लाईट लावू नका हवं तर, पंखा चालू ठेवा. त्यासाठी ठराव लागतो म्हणे. करा की ठराव. यापेक्षा फालतू ठराव मी प्रेस गॅलरीत बसून ऐकलेत.

आणि आम्ही पत्रकार. दीपप्रज्वलनाच्या बातमीत नटाचं नाव पाहुण्यांच्या आधी छापायचं, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. डेस्कवर परवाच वाद झाला. पाहुणे जाहिरात देतात, नट देत नाहीत, असं ऐकून घेतलं. बघू किती दिवस टिकतं.

काल पुन्हा झेरॉक्सला गेलो होतो. काउंटरवर वसंतसेनेची पानं होती, पेन्सिलनं खुणा केलेली. गिऱ्हाईक आलं की ती पानं आधार कार्डाच्या गठ्ठ्याखाली सरकवायची, गेलं की पुन्हा काढायची.

तालमी सोमवारपासून आहेत, संध्याकाळी सात, त्याच शाळेत. ऑर्गन दुरुस्त करणारं कुणी मिरजेकडं किंवा कुठंही माहीत असेल तर इनबॉक्समध्ये नंबर पाठवा. चारुदत्तासाठी गाता येणारा मुलगाही अजून मिळालेला नाही.