वाकड्या शिंगाच्या बैलाची किंमत कोण ठरवणार?

पोळा झाला. मातीचे बैल पाटावरून उतरले. आता भुलाबाई येईल. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी तिच्यापुढं गाणी म्हणतील, खाऊ ओळखायला लावतील. मग भुलाबाई-भुलोजी कुठं शिरवले जातील, कुठं फडताळात जाऊन बसतील.

या मूर्तींकडं आपण कधी नीट बघितलं का भाऊ? साच्याशिवाय हातानं केलेले दोन बैल कधीच सारखे नसतात. एकाचं शिंग वाकडं, दुसऱ्याचं वशिंड डोक्यापेक्षा मोठं. भुलोजीचे डोळे अर्धा चेहरा खाऊन टाकतात. हे चुकून होत नाही. करणाऱ्याच्या हाताला गंमत सुचते, म्हणून होते.

हीच गंमत पुण्या-मुंबईच्या दुकानात गेली की तिला डिझाइन म्हणतात. डोळे वटारलेला, हातानं घडवलेला एक मग तिथं सात-आठशेला जातो. बुडाला करणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. आणि आपण? बैलजोडीचे दहा रुपये कमी व्हावे म्हणून कुंभाराच्या बाईशी पाच मिनिटं घासाघीस करतो. तिकडचा तो कलाकार, इकडची ती फक्त 'कुंभारीण'.

गोधडीचंही तेच. जुनं लुगडं, फाटकं धोतर, पोरांचे आखूड झालेले कपडे, त्यावर धावदोरा. बंगालचा कांथाही याच घराण्यातला. जुन्या साड्यांचे थर आणि तोच धावदोरा. पण शांतिनिकेतनातल्या मंडळींनी त्याच्याकडं कला म्हणून बघितलं, पुढं बायकांच्या संस्था उभ्या राहिल्या, बाजार मिळाला. आज नक्षी कांथाला भौगोलिक मानांकन आहे. आपली गोधडी मात्र पाहुणे आले की पलंगाखाली सारली जाते आणि वर पानिपतचं ब्लँकेट येते. गंमत अशी की पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांचा मोठा धंदा जुन्या कपड्यांपासून काढलेल्या सुतावरच चालतो. म्हणजे चिंध्या त्यांच्याही, चिंध्या आपल्याही. त्यांनी कारखाना केला, आपण लाज वाटून घेतली.

आता कोणी म्हणेल, "मग आपल्या कुंभारांनी मग बनवावे, कोणी अडवलं काहून?" अडवलं आहे, ते समजून घ्या. आपला आवा साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत तापतो. त्यात भाजलेली माती सच्छिद्र राहते. म्हणून माठातलं पाणी झिरपते, वाफ होते आणि थंड राहते. पण माठाचा जो गुण, तोच चहाच्या कपाचा अवगुण. रोजच्या वापराचा चिनी मातीचा पक्का कप हवा तर माती वेगळी लागते, वरून काचेसारखा लेप लागतो आणि भट्टी 1200 अंशांच्या वर न्यावी लागते. वऱ्हाडची काळी माती वाळताना आकसते, तडकते. तिच्यात रेती, राख, लीद मिसळून आपले लोक पिढ्यान् पिढ्या तिला वळण लावत आले. हे ज्ञान लहान नाही. पण लाखो रुपयांची गॅसची भट्टी एका घराला परवडत नाही.

सरकारी योजना आहेत. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभार सशक्तीकरण योजना 2018 पासून विजेची चाकं देते. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा सुरू झाली. 18 व्यवसाय, त्यात कुंभार, शिंपी आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000, आणि 5 टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. चांगलंच आहे. पण पाच-सात दिवसांच्या मूळ प्रशिक्षणात काचलेप शिकून होत नाही. आणि चाक वेगानं फिरलं म्हणून माल विकला जात नाही. वेगानं केलेल्या पणत्या पुन्हा डझनावारीच जातात. गोधडी शिवणाऱ्या बाईसाठी तर त्या 18 मध्ये वेगळा रकानाच नाही. तिनं शिंपी म्हणून नाव लावावं तर लावावं.

20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्यात याच योजनेच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम झाला. त्याच मंचावरून पंतप्रधानांनी अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. नांदगाव पेठ भागात 1000 एकर. कापसापासून कपड्यापर्यंत सगळं एका जागी, असं ते स्वप्न आहे.

अचलपूरकरांना हे स्वप्न नवीन नाही. आपला कापूस न्यायला इंग्रजांच्या काळात शकुंतला आली. मुंबईच्या फिनलेचं नाव घेऊन मिल आली, ती 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि कामगारांच्या घरातल्या चुली मंदावल्या. म्हणून स्पष्ट लिहितो : गोधड्या आणि मग हे मिलच्या पगाराला पर्याय नाहीत. तसं कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे. मिलही पाहिजे, पार्कही पाहिजे. पण हजार एकरांत हाताच्या कामाला एक एकरही नसावा काय?

विदर्भात हे होऊ शकते, याचे दाखले समोर आहेत. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी माणसानं 1950 च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला शास्त्राची जोड दिली. वर्ध्याचं मगन संग्रहालय 1938 पासून ग्रामोद्योगाचा विचार धरून आहे. आपल्या मेळघाटात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांच्या संपूर्ण बांबू केंद्रानं कोरकूंच्या हाताला काम दिलं. तिथल्या बांबूच्या राख्या शहरांत पोचल्या. बांबू तर आधीही होता. नवं काय होतं? शिक्षण, आकार आणि विक्रीची वाट.

म्हणून लोकप्रतिनिधींपुढं, जिल्हा उद्योग केंद्रापुढं आणि नगरपालिकेपुढं चार मागण्या ठेवतो.

एक, अचलपूर-परतवाड्यात सामायिक भट्टी. मालकी कारागिरांच्या गटाची, भाडं भाजणीपुरतं. स्फूर्ती योजनेत सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आहे. प्रस्ताव तर पाठवा.

दोन, पीएम मित्र पार्कमध्ये कपडे शिवायला लागले की कटपीसचे ढीग निघतील. ते भंगारात जाण्याआधी ठरलेल्या दरानं बचत गटांना द्या. ही अट आत्ताच करारात टाका, नंतर कोणी ऐकत नाही.

तीन, चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक परतवाड्यातूनच वर चढतात. थांबून विकत घ्यावं असं आपल्या गावचं काय आहे तिथं? एक नीट दुकान द्या.

चार, प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचं नाव. यासाठी शासनाचा रुपयाही लागत नाही.

आणि एक मागणी आपल्या सर्वांकडं. या वर्षी भुलाबाई घेताना भाव पाडू नका. नाव विचारा, मोबाईल नंबर घ्या, दिवाळीच्या पणत्या त्याच घरून घ्या. आणि वाकडी मूर्ती दिसली तर "हे बिघडलं" म्हणून बाजूला ठेवू नका. साच्यातला माल सरळच असतो, तो तर दुकानात पायलीचे पन्नास मिळते.

आपल्या पुऱ्यात, वेशीपाशी, खेड्यावर कोणी अजून हातानं बैल, भुलाबाई, खेळणी करत असेल किंवा गोधड्या शिवत असेल, तर त्यांची परवानगी घेऊन खाली लिहा. यादी झाली की ती घेऊन उद्योग केंद्रात जाऊ. सोबत कोण कोण येते, तेही सांगा.