टोकावरचा बार

चितेगावातल्या एका गणपतीच्या मांडवात परवा एका व्याख्यात्यांनी ठणकावून सांगितले की, आपल्या पूर्वजांचे बाण शत्रूवर आदळून फुटत असत. टोकाला स्फोटक, धनुर्धाऱ्याचा अचूक नेम आणि फौजेची दाणादाण. पुरावे चार. महाकाव्यांत अग्न्यस्त्र आहे. चिन्यांकडे दारूचे बाण होते, म्हणजे ते आपल्याकडूनच शिकले. बखरींत बाणांचा मारा आहे. आणि आजही नक्षलवादी असे बाण मारतात. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झाले. शंका विचारायला दोघे उठले, तेवढ्यात आरतीची वेळ झाली. तोंडी विचारायचे राहिले ते आता लेखी विचारतो.

काव्यात वर्णन आहे म्हणून वस्तू होती, असे धरले तर सोन्याचे हरीणही वनखात्याच्या गणनेत यायला हवे. पुढे चला.

चिन्यांचे म्हणाल, तर 1044 सालच्या ‘वुजिंग झोंगयाओ’ या युद्धशास्त्राच्या ग्रंथात दारूची पुडी बांधलेले बाण आहेत, हे खरे. पण त्यांचे काम आग लावण्याचे. गवताचे छप्पर पेटवणे निराळे आणि स्फोटाने माणसे उडवणे निराळे. ते आपल्याकडून शिकले याला व्याख्यात्यांचा आधार एकच, त्यांचा चढलेला आवाज.

आता माझा मुख्य आक्षेप. तो वजनाचा आहे आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. पैठण रोडला कारखान्यांच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला वजनाचा हिशेब चुकवून चालत नाही. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या काट्यावर एम-20 चा एक नट टाकला. साठ ग्रॅमच्या थोडा वर भरला. शाळेत तिरंदाजी करणाऱ्या भाच्याचा बाण टाकला, तो वीस ग्रॅम. बाण बोटावर आडवा धरला की मध्याच्या किंचित पुढे तोलला जातो. मग स्फोटकाच्या जागी नट सुतळीने टोकाला बांधला. तोल सरकत सरकत पार नटाजवळ आला आणि मागची पिसे पोरक्यासारखी हवेत लोंबायला लागली. वजन झाले चौपट, धनुष्याची ताकद मात्र तेवढीच. म्हणजे वेग साधारण निम्म्यावर आणि पल्ला चौथ्या हिश्श्यावर. शिवाय सुटताना प्रत्येक बाण थोडा वाकतो. पुढे असा भार असला की तो जास्तच वाकतो आणि नेमाचे तीन तेरा वाजतात.

यावर उत्तर ठरलेले आहे, ‘युद्धाची धनुष्ये दणकट असत.’ असोत. बाणही साठ-सत्तर ग्रॅमचा धरू. मग आपल्या सैन्याने कित्येक दशके वापरलेला 36 नंबरचा हातबॉम्ब समोर ठेवा. वजन पाऊण किलोच्या आसपास, त्यात स्फोटक जेमतेम सत्तर ग्रॅम. बाकीचे बहुतेक वजन बिडाच्या कवचाचे. हे कवच कुणी हौसेखातर घातलेले नाही. जुनी काळी दारू मोकळी पेटवली तर भुस्सकन जळून जाते. ती फुटायची तर कोंडावी लागते. कोंडायला लोखंड हवे, लोखंडाला वजन आहे आणि ते वजन धनुष्याला झेपत नाही. साऱ्या वादाची गाठ इथे आहे आणि कुठल्याही मंत्राने ती सुटत नाही.

इथून तासाभरावर दौलताबाद आहे. 1633 साली महाबतखानाला तो किल्ला घ्यायचा होता. त्याच्या पदरी तिरंदाजांचा तुटवडा नव्हता. तरी त्याने तटाखाली सुरुंग खणले, त्यांत दारू ठासली आणि तट उडवला. स्फोट ज्याला खरोखर हवा असतो, तो दारूची पोती मोजतो. फुटणारा भालाही जगात झाला. नॉर्वेच्या स्वेन फॉयनने 1870 च्या सुमारास देवमाशाच्या अंगात घुसून फुटणारा भाला यशस्वी केला. पण तो सोडायला जहाजावर तोफ बसवावी लागली.

बाकीचे आक्षेप एकेका ओळीचे. वात वाऱ्याने विझते. पावसात दारू सादळते. आणि घाईत हात चुकला तर पहिला बळी धनुर्धाऱ्याच्याच बोटांचा.

नक्षलवाद्यांचा पुरावा मात्र टाळण्यासारखा नाही. छत्तीसगडमध्ये असे बाण सापडले आहेत आणि सुरक्षा यंत्रणांनी त्यांना ‘रॅम्बो ॲरो’ असे फिल्मी नावही दिले. पण 2018 मध्ये त्याच यंत्रणांचे मत बातम्यांतून आले, ते व्याख्यात्यांनी गिळले. या बाणांनी इजा फारशी होत नाही. धूर आणि धग यांनी जवान बिचकतात आणि तेवढ्यात खरा हल्ला होतो. म्हणजे वापरणाऱ्यांचाही भरवसा त्यावर नाही. गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ 1 मे 2019 रोजी 15 पोलीस आणि त्यांचा चालक गेले, ते भूसुरुंगाने.

पूर्वजांच्या नावावर थापा मारण्याचा हा रोग जुना आहे. 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडाले, हा वाद दर दहा वर्षांनी नवे कपडे घालून येतो. 1974 साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी अशा दाव्यांना आधार म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तथाकथित प्राचीन विमानशास्त्राच्या ग्रंथाची आकृत्यांसकट तपासणी केली आणि ही याने उडूच शकत नाहीत, असा निर्वाळा दिला. फरक काय पडला? विमान अजून उडतेच आहे, व्यासपीठांवरून. गणित मांडणारा देशद्रोही आणि थाप मारणारा अभिमानी, अशी वाटणी एकदा झाली की पुरावा हवाच कुणाला?

मग आपल्याकडे होते तरी काय? होता तो बखरीतलाच बाण. पण तो धनुष्याने सुटत नसे. दारूची नळी, तिला बांधलेला बांबू आणि आग शेपटीला. दिवाळीत आपण बाटलीत उभा करून उडवतो त्याचाच हा थोरला भाऊ. इथे दारू बाणाला ओझे होत नाही, तीच त्याला पळवते. पानिपतावर नजीबखानाच्या रोहिल्यांनी असे बाण बेसुमार सोडल्याचे काशीराजाच्या वृत्तांतात आहे. हैदर आणि टिपूने नळी लोखंडाची केली, पल्ला किलोमीटरच्या पुढे नेला आणि 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ते बाण विलायतेला नेऊन काँग्रीव्हकरवी स्वतःची अग्निबाणविद्या उभी केली. शिवमोगा जिल्ह्यात बिदनूरच्या किल्ल्यातल्या कोरड्या विहिरीतून 2018 साली असे हजारावर बाण निघाले. गंजलेले आहेत, पण खरे आहेत. हातात धरता येतात, काट्यावर ठेवता येतात.

धनुष्यातून सुटलेला स्फोटक टोकाचा बाण फार तर आवाज करील, धूर काढील, एखादे छप्पर जाळील. त्याने फौजा हटल्या, हे खोटे आहे. अभिमानच बाळगायचा असेल तर वजनाच्या काट्यावर उतरेल त्याचा बाळगा. तो आपल्याकडे पुरेसा आहे.