थर्मोकोल आहे का हो?

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात, हस्तकलेच्या दुकानांपाशी, अचानक मराठी कानावर पडलं की बरं वाटतं. पुढचं वाक्य ऐकलं की ते बरं वाटणं ओसरतं. आमच्याच बसमधल्या एका बाईंनी काचेच्या पेटीतलं बृहदीश्वराचं पांढरंशुभ्र देऊळ बोटाने दाखवून विचारलं, "थर्मोकोल आहे का हो?" दुकानदार म्हणाला, "नेट्टी, नेट्टी." बाई आमच्याकडे वळल्या. "थर्मोकोलच आहे. आणि किंमत बघा!"

त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही, कारण बसमधल्या चाळीस जणांपैकी निम्म्यांचा समज तोच होता. पण त्रिचीपासून याच बाई फोनवर आपल्या छंदवर्गातल्या वस्तू दाखवत होत्या : वाइनच्या बाटल्यांची बुचं चिकटवून केलेल्या चहाच्या कपाखालच्या चकत्या, किल्ल्यांचे जुडगे, भिंतीवरचा फलक. टाकाऊतून टिकाऊ. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. भांडण त्या वस्तूंशी नाही. बूच कचऱ्यात जाण्यापेक्षा कपाखाली गेलेलं बरं. भांडण आहे ते आपण कशाला 'पर्यावरणस्नेही कला' म्हणतो आणि कशाला 'थर्मोकोल' म्हणतो, त्याच्याशी.

नेट्टी म्हणजे भेंड. हा शब्द ज्यांना आठवत नाही त्यांनी आजीच्या लग्नातलं बाशिंग आठवावं. पाणथळीत, तळ्यात, भातखाचरात वाढणाऱ्या झुडपाचा हा गाभा. भाताच्या शेतकऱ्याला ते तणच वाटतं. काढून वाळवायचं, वरची साल तासायची, आतला पांढरा, पिसासारखा हलका भाग धारदार पात्याने कापत जायचा. त्या कापांची शिखरं, नंदी, गोपुरं होतात. रंग द्यावा लागत नाही. हस्तिदंताची झाक मुळातच असते. बंगालीत याला शोला म्हणतात, नवरदेवाचा टोपोर त्याचाच. साहेबाची सोला टोपीही त्याचीच. त्या 'सोला'चा सूर्याशी काही संबंध नाही, तो शब्द या झाडाचा आहे. म्हणजे तमिळ, बंगाली, मराठी, तिन्ही घरांत हे झाड नांदत होतं. आपण तेवढे त्याचं नाव विसरलो.

विसरलो ते कधी, हेही सांगता येतं. बाशिंगं भेंडाऐवजी थर्मोकोलची आणि प्लास्टिकची झाली, गणपतीची मखरं थर्मोकोलची झाली. मग २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, आणि 'आता मखर कशाचं करायचं?' म्हणून केवढा गहजब झाला! कागद, पुठ्ठा, कापड, सगळ्यांची नावं निघाली. भेंडाचं नाव निदान माझ्या कानावर कुणी घातलं नाही. थर्मोकोलने ज्याची जागा घेतली, त्यालाच आज आपण थर्मोकोल म्हणून ओळखतो.

आता बूच. खरं बूच ओक जातीच्या एका झाडाच्या सालीचं. सगळ्यात जास्त पोर्तुगालमध्ये होतं. झाड तोडत नाहीत. साधारण नऊ वर्षांनी एकदा साल सोलतात, ती पुन्हा येते. फार शहाणी शेती आहे, तिच्याबद्दल आदरच आहे. पण आपल्या छंदवर्गात ते बूच गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवलं जातं. तो गोंद प्लास्टिकच, म्हणजे जे मातीत गेलं असतं तेही अडकलं. शिवाय पुरेशा बाटल्या प्यायल्या जात नसल्यामुळे (याला सुदैव म्हणायचं की दुर्दैव, ज्याने त्याने ठरवावं) न वापरलेली कोरी बुचं पिशवीने ऑनलाइन मागवली जातात. पुनर्वापर करायचा म्हणून नवा माल! आणि आपल्याकडे बुचाचं झाड म्हणून जे आहे, पुण्याच्या रस्त्यांवर ज्याची पांढरी, लांब देठांची फुलं गोळा करून आपण दोऱ्याशिवाय वेण्या गुंफल्या, त्याचं नाव बूच का पडलं हे वर्गात कुणी विचारत नाही. त्याची सालही बुचासारखीच मऊ, म्हणून.

गंमत अशी की बुचाचीही देवळं झाली आहेत. अठराव्या शतकात युरोपातले धनिक इटलीच्या सफरीवर जात, तेव्हा रोममधल्या पडक्या देवळांच्या बुचाच्या प्रतिकृती घेऊन परतत. आंतोनियो किकी नावाचा कारागीर त्यासाठी नावाजलेला होता. त्याच्या प्रतिकृती जर्मनीत कासेलला आजही संग्रहात आहेत, कलावस्तू म्हणून. तंजावूरचं नेट्टीचं देऊळ त्याच जातीचं काम. त्याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आमच्या बसने त्याला घासाघीस करून अर्ध्या किमतीवर आणायचा प्रयत्न केला आणि तो फसल्यावर 'मोडेल, नेणार कसं' म्हणून सोडून दिलं. मोडेल, हे खरं आहे. काचेची बरणी नाही का आपण आणत लोणच्याची, मांडीवर धरून?

आणि हे सगळं कुठे चाललं होतं? दुसऱ्या सरफोजीराजांच्या अंगणात. हा माणूस खरेदीला कमी नव्हता. युरोपातून पुस्तकं, चित्रं, उपकरणं मागवायचा. त्याच्या सहीची पुस्तकं सरस्वती महालात आहेत. पण मागवलेली वस्तू कशी चालते, कशाची आहे, हे त्याला कळून घ्यायचं असे. नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसकट त्याने ठेवून घेतल्या. छापखाना काढला तो देवनागरी छापण्यासाठी. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत राजवाड्यापुढे लिहिलं होतं : 'फोटो व खरेदी, एक तास'. दरबार महालात 'आपल्या मराठ्यांचा' म्हणून फोटो झाले. सरस्वती महालात सातजण गेले. बाकीच्यांनी मान डोलावणाऱ्या बाहुल्या घेतल्या. एक मीही घेतली.

सहली काढणाऱ्यांनी तो एक तास दोन करावा आणि दुकानात नेण्याआधी भेंड कापणाऱ्या कारागिराच्या पुढ्यात बसवावं. छंदवर्ग चालवणाऱ्यांनी बुचाच्या पिशवीऐवजी एकदा भेंडाची मोळी मागवून बघावी. गणेश मंडळांनी मखराची मागणी तंजावूरला नोंदवावी, बंदीला वळसा घालायचे मार्ग शोधण्यापेक्षा ते सोपं आहे. ज्याला यातलं काहीच जमत नाही त्याने निदान सांगितलेली किंमत द्यावी. 'आपल्या मराठ्यांचा राजवाडा' म्हणायचं आणि त्याच आवारात पोट भरणाऱ्या माणसाशी दहा-दहा रुपयांनी झुंजायचं, यात कसला आलाय अभिमान?

संध्याकाळी कुंभकोणमच्या वाटेवर दोन्हीकडे भातखाचरं होती. बाईंना मी भेंडाबद्दल सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आमच्या लग्नातलं बाशिंग आईने कितीतरी वर्षं माळ्यावर ठेवलं होतं. इतकं हलकं, की मला वाटायचं कागदाचंच आहे." बस थांबणार नव्हती. त्यांनी काचेला नाक लावून बाहेरच्या पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यातलं कुठलं ते?"